तिफणीनं पेरलेली तांब्याची तार

लष्करात सिग्नलमध्ये बरीच वर्षं काढून मी औंधच्या पुढं आमच्या गावी परतलो, तेव्हा सोबत एकच वेड आणलं होतं, रेडिओचं. परवाना काढला, सेट बसवला. पलटणीतला जुना दोस्त आसामात राहतो, त्यालाही हेच वेड. दिवस मावळताना ऐंशी मीटरच्या बँडवर बोलायचं आमचं ठरलं.

त्यासाठी घरामागच्या पडीक रानात मी अँटेना म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा उंच खांब उभा केला. पण नुसत्या खांबानं भागत नाही. त्याच्या बुडापासून चहूकडं तांब्याच्या तारा पुराव्या लागतात, नाहीतर निम्मी ताकद मातीतच जिरते. आमचं रान हलकं, जरा उकरलं की मुरूम. दोन तारा कुदळीनं पुरल्या आणि कंबर धरली. उरलेल्या तीस मी तशाच वर अंथरल्या, दगड ठेवून.

त्या रानातून वाडीवरच्या मावशी रोज मेंढरं नेत. त्यांना सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहून गेलं.

एका दुपारी मी सेटची चाचणी घेत असताना बाहेरून ओरडा आला, "आवं मेजर! बंद करा ती मशीन! मेंढी गुतली माजी!"

बटण दाबून धावलो. गाभण मेंढी आडवी पडली होती, मागच्या दोन्ही पायांना तार आवळलेली. ती जितकी झाडायची तितकी तार रुतायची. तिला झटका तर बसला नसेल ना, हीच भीती. मावशींनी तिची मान मांडीवर घेतली आणि लोकर कातरायची कातर माझ्या हातात दिली.

"कापा. तार काय, दुसरी मिळंल."

मी तार कापली. मेंढी उठली, अंग झाडलं आणि चरायला लागली. मावशींनी तिच्या पोटावर कितीतरी वेळ हात ठेवला.

"हलतंय आतलं. काय न्हाई झालं."

मी तिथंच ढेकळावर बसलो. म्हटलं, "चूक माझी आहे मावशी." आता शिव्या खायच्या, अशी मनाची तयारी केली होती.

त्या म्हणाल्या, "ह्या तारा किती खोल घालायच्या असत्यात?"

"दोन बोटं पुरे."

"मग कुदळ कशाला? तिफण लावा की. परवाच्या पावसानं रान वाफशावर हाय, माती मऊ झालीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे यजमान बैलं आणि तिफण घेऊन आले. खांबापासून बाहेर, पुन्हा खांबाशी, अशा रेघा ओढत गेले. मागून मावशी तिफणीच्या चाड्यातून बी सोडावं तशी तार सोडत चालल्या, आणि मी पायानं माती लोटत. जेवायच्या आत सगळ्या तारा जमिनीखाली गेल्या. मेंढरं त्यावरून निवांत फिरली. पुढच्या पंधरवड्यात ती मेंढी व्याली, धडधाकट कोकरू झालं.

तार पुरली त्याच संध्याकाळी दोस्ताचा आवाज आला, "अरे, आज तू शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटतोयस!"

मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"कुठनं बोलत्यात ते?"

"आसामातून."

"तिकडं चारा हाय का, इचारा."

विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "छातीएवढं गवत आहे."

मावशींनी पदर सावरला. "लय लांब हाय पर," म्हणाल्या आणि मेंढरांमागं गेल्या.