आईच्या बाथरूमची परवानगी

अशोका गार्डनमधल्या आमच्या घराचं बाथरूम मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. आईचे गुडघे पार गेले, तेव्हा तिच्या खाटेला लागून असलेल्या सामानाच्या खोलीतच नवीन बाथरूम करायचं ठरवलं. काम जेमतेम आठ दिवसांचं.

मिस्त्री म्हणाला, "दीदी, अंदर का काम है, बाहर की दीवार को हाथ भी नहीं लगाना. परमिशन काहे की?"

मी उखडलेच त्याच्यावर. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे हिंदी मुलखात आले, आणि माझीही सगळी नोकरी फायलींतच गेली. आमच्या घरात नळ बदलायचा तरी आधी अर्ज, त्याची नक्कल, नकलेवर शिक्का. मिस्त्र्याला काय कळतंय, म्हटलं, आणि नकाशा काढून महापालिकेत रीतसर अर्ज दिला.

मग सुरू झालं. एकदा सही राहिली, एकदा घराचे जुने कागद हवेत, एकदा साहेब रजेवर. मी घरी आले की आई विचारायची, "कागद आला का गं?"

"येईल. नियम म्हणजे नियम."

"बरं," म्हणायची. वडिलांनाही ती असंच बरं म्हणायची.

तिच्या उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळपास तसाच असायचा. भर मे महिन्यात! मी चिडायचे, "अगं, पाणी पीत जा ना!" ती हसायची. "तहानच लागत नाही."

एक दिवस ताप चढला आणि ती भलतंच बोलायला लागली. दवाखान्यात नेलं. थोडी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं, तशी माझ्याकडे न बघता पुटपुटली, "प्यायलं की सारखं जावं लागतं. त्या पायऱ्या... आणि हिला दर वेळी धरून न्यावं लागतं." लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. चौथ्या दिवशी आई गेली.

तेराव्यानंतर कागद आला. घराच्या आतला बदल आहे, बाहेरच्या भिंतींना धक्का नाही, सबब परवानगीची आवश्यकता नाही.

मिस्त्र्यानं उभ्या उभ्या सांगितलेलं तेच! मेलं माझं शहाणपण. लोक म्हणतात, वय झालं होतं. मला विचाराल तर मी आईला तहानेलं ठेवलं.

सवयीनं कागदावर मिळाल्याची तारीख टाकली आणि तिच्या खोलीत गेले. खाट अजून तिथेच होती.

"आई," म्हटलं, "कागद आला गं."