गयाबाईंचा हेल

माझ्या सासूबाई गयाबाई, वर्ध्याकडच्या. गावात मयत झाली की पहिला हेल त्या काढायच्या, मग बाकीच्या बाया रडायच्या. स्टुटगार्टला आमच्याकडे आल्या तेव्हा मी बजावलं होतं, "आई, इथे जिन्यात मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही."

२००४ मध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या ग्रीक स्टामाटियाचा नवरा वारला. गाडी आली, त्याला घेऊन गेली. एकही दार उघडलं नाही. आई तडक वर गेल्या आणि दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, जेव्हा वॉशिंग मशीन लावायचीही बंदी, तेव्हा त्यांनी गळा काढला, "माह्या दादा रे, बाईले टाकून कुठं गेला रे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण स्टामाटियाने ग्रीकमध्ये उत्तर दिलं. मग दोघी आळीपाळीने कितीतरी वेळ रडत होत्या.

तिची मुलगी नंतर म्हणाली, प्राचीन ग्रीकमध्ये याला थ्रेनोस म्हणत. बाहेरच्यांनी शोक गायला सुरुवात करायची आणि घरच्या बायकांनी रडून साथ द्यायची. मी नुसतं "हो, हो" करून विषय संपवला.

दोन वर्षांनी आई वारल्या. आम्ही शहाण्यासारखे गप्प बसलो होतो. स्टामाटिया दारात आली, "गाया" म्हणून तिने हेल काढला आणि आमच्याकडे बघत थांबली. माझ्या नवऱ्याच्या, यशपालच्या तोंडून शब्द फुटेना. माझ्याही नाही. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मग निघून गेली.

आजही दुपारी जिना चिडीचूप झाला की आतल्या खोलीतून आई विचारतात, "उत्कर्षा, तुह्याच्यानं एक हेल नाही निघत का वं?"