मोटार चार बोटं खाली

माझा दीर मला कधीच आवडला नाही आणि त्यालाही मी आवडले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना आडपडदा नको.

दिघीजवळच्या आमच्या कोळीवाड्यात पहिली मोटार आणली ती माझ्या नवऱ्याने. तो मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा याने माझ्या सोन्याच्या बांगड्या मोडून जुनी गाडी विकत घेतली आणि पडावात, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीत, घालून दिघीच्या धक्क्यावर उतरवली. गाडीचा मागचा भाग कापून त्याने लाकडी बाकं बसवली, वर छप्पर घातलं आणि दिघीहून बोर्ली पंचतनला माणसं न्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात रस्ता बंद असायचा. तेव्हा तो गाडीचा भार झेलणाऱ्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, सोडवून पडवीत आणायचा. एकेक पोलादी पाटा सुटा करून तो गंज घासायचा आणि मी त्या पाट्यांना मुशी माशाचं तेल चोळायचे. होडीला लावतो तेच तेल. कमानीत लांब पाट्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड असे पाटे का रचतात, एक काढला तर बाकीच्यांवर किती भार येतो, हे सगळं मी तिथे बसून शिकले. मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही. त्याला काम करताना बोलायची सवय होती आणि मला ऐकायची.

तो एका पावसाळ्यात तापाने गेला. मोटार दिराच्या हातात गेली, कारण घरात चालवता येणारा तोच उरला होता. माझ्या बांगड्यांची गाडी, पण लोक म्हणायला लागले, ‘धाकट्याची मोटार.’ तोही त्यांना दुरुस्त करीत नव्हता.

त्याने पहिलं काम काय केलं, तर छपरावर माशांच्या टोपल्या ठेवायला लाकडी चौकट ठोकली. गाडी आधीच लाकडी बाकांमुळे उंच झाली होती. आता वर ओल्या टोपल्यांचा ढीग. वळणावर ती भरती लागलेल्या होडीसारखी डुलायची. मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “वैनी, तू मासं वीक. गाडीचं मी बघतो.”

त्याने बघितलं ते असं. बोर्लीच्या अलीकडे खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या, कडेने एक वळण आहे, तिथे गाडी कुशीवर पडली. भरधाव नव्हती म्हणून कोणी मेलं नाही, पण एका म्हातारीच्या खांद्याचं हाड मोडलं आणि सगळ्या टोपल्या चिखलात गेल्या. त्यानंतर लोक गाडीत बसेनात. बोर्लीच्या एका व्यापाऱ्याची बुटकी, बसकी मोटार त्याच रस्त्यावर फिरायची, तिच्यात दाटीवाटीने बसायचे. माझी दारात उभी. शेजारणी येऊन तिच्याकडे बघत आणि माझ्यासमोर हसू लपवायला तोंडाला पदर लावत.

एक दिवस मी कोयता घेऊन छपरावर चढले आणि ती चौकट तोडून खाली टाकली. दीर अंगणातून ओरडत होता. मी वरूनच त्याला म्हटलं, “आता गाडी खाली आणायची. कमानी चपट्या करायच्या. लोकांना ती बुटकी दिसली पाहिजे आणि वळणावर बसली पाहिजे.”

“त्यात काय? प्रत्येक कमानीतले दोन पाटे काढतो. खर्च न्हाय, काय न्हाय.”

“पाटे काढलेस तर भार कोण घेणार? तुझा बाप?”

बाप तिथेच जाळं विणत बसला होता. माझे सासरे. त्यांनी जाळ्याची पुढची गाठ मारली.

मी नको म्हटलं म्हणूनच त्याने ते केलं, असं मला आजही वाटतं. मी बोर्लीच्या बाजारात होते तेवढ्यात त्याने पाटे काढले. परतले तर गाडी दारात खाली बसलेली आणि तो तिच्या पायरीवर पाय ठेवून विडी ओढत होता. “झाली का न्हाय बुटकी?” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कोळीवाड्यातल्या बायकांना गोळा केलं आणि टोपल्या मांडीवर घेऊन सगळ्यांना बसवलं. मीही बसले, कारण मासे माझेही होते. गाव सोडेपर्यंत गाडी बरी चालली. पुढे चढावर रस्ता पाण्याने खणलेला होता. पहिल्याच चरात बाकाखालून घासल्याचा आवाज आला, मग रबर जळल्याचा वास. चाक वर येऊन फळीला लागत होतं. मी ओरडले, “थांबव!” तो थांबला नाही. पुढच्या चरात काडकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला कलंडून उभी राहिली. कमानीचा सगळ्यात लांब, मुख्य पाटाच मोडला होता.

बायका उतरल्या. दोघी मला शिव्या देत होत्या. दिराला नव्हे, मला. तो खाली वाकून बघत म्हणाला, “रांडमुंडीची गाडी. दुसरं काय होणार हिचं?”

मी हातातली टोपली त्याच्या अंगावर उलटी केली. बांगडे होते, चांगले ताजे. ते रस्त्यावर पडले ते मी गोळा केले नाहीत. मी चालत घरी आले आणि बैलजोडी पाठवून गाडी ओढून आणवली.

त्याचं म्हणणं पडलं, मोटार त्या व्यापाऱ्याला विकून टाकू. दोघांचं आधीच ठरलं होतं हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, “माझ्या हाडांवर पाय देऊन ने.” तो त्या दिवसापासून गाडीला हात लावीनासा झाला. आणि कोळीवाड्यातला दुसरा कोणीही लावेना, कारण त्याचं वैर कोणाला नको होतं.

शेवटी सासरे उठले. माझ्या बाजूने उठले असं मी म्हणणार नाही. त्यांना दारात मोडकी गाडी बघवत नव्हती एवढंच. होडी उचलतात तशी त्यांनी गाडी उचलली. माडाचा सोट खाली घालून आम्ही दोघांनी भार दिला, मग खाली ओंडके सरकवले. मी बोल्ट सोडवले. गंजलेल्या बोल्टांनी माझे दोन्ही तळवे फुटले. सगळं काम होईपर्यंत ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, “बाय, बाजूला हो, पाय चिरडंल.”

नवीन पाटे मुंबईहून आणणं मला झेपणारं नव्हतं. बोर्लीला एका कंत्राटदाराची फुटकी लॉरी झाडाखाली पडून होती. सुक्या बोंबलांच्या टोपल्या देऊन मी तिच्या कमानी सोडवून आणल्या. त्यातून मोडका पाटा बदलता येत होता. दिराने काढलेले पाटे होतेच. आता सगळे पाटे ठेवायचे, पण त्यांचा बाक, म्हणजे वाकडेपणा, कमी करायचा. त्यासाठी लोहार हवा होता, आणि जवळच्या लोहाराला दिराने आधीच फितवलं होतं. म्हणून मी पाटे काथ्याने बांधले, होडीत घातले आणि खाडीने वर जाऊन पुढे बैलगाडीने तळा गावी नेले.

किती खाली आणायचं ते मी घरूनच ठरवून निघाले होते. गाडी धड होती तेव्हा माणसं भरली की चाकाच्या वर किती जागा उरायची ते मला ठाऊक होतं. त्यातली चार बोटं घेतली तर खड्ड्यात चाक लागणार नव्हतं. आणखी हाव धरली तर लागलं असतं. शिवाय कमान सपाट झाली की लांब होते आणि तिचं टोक गाडीला जोडणारी कडी मागे कलते. फार कलली तर कमान अडकून बसते.

तळ्याचा लोहार दारातच म्हणाला, “पुरुष कोन न्हाय आला?”

“मेला,” मी म्हटलं.

त्याने पाटे बघितले आणि भट्टीकडे नेऊ लागला. लाल करून एका फटक्यात सरळ करतो, म्हणाला. मी आडवी आले. तापवलं की पोलाद मऊ पडतं आणि महिन्याभरात कमान बसते, हे माझ्या नवऱ्याने मला पडवीत दहादा सांगितलं होतं. एकदा एका बाजूची कमान वाकडी झाली तेव्हा त्याने थंडच ठोकून ती सारखी केली होती आणि पाटा मी धरला होता.

“थंड ठोकायचं. पाटा न् पाटा.”

“तुटंल. मंग माझ्या नावानं बोंबलशील.”

“तुटला तर माझा तुटंल.”

“नवरा गेला, आता लोहारीण झालीस व्हय?”

मी पाट्यांवर बसले. शब्दशः. तो भट्टी फुंकत राहिला, मी बसून राहिले. दुसरं काम नव्हतं त्याच्याकडे. दुपार कलल्यावर तो उठला, लाकडी ओंडक्यात खाच पाडली आणि पहिला पाटा तिच्यावर ठेवला. मी कोळशाने जमिनीवर बाक काढला होता, जुना आणि हवा तो नवा. प्रत्येक पाटा ठोकायचा, त्या रेषेवर ठेवून बघायचा, पुन्हा ठोकायचा. डावा-उजवा सारखा. एक आखूड पाटा तुटलाच. लोहार मोठ्याने हसला. मी लॉरीचा दुसरा पाटा पुढे केला आणि तो कापायला लावला. निघताना त्याने पाणीही विचारलं नाही. काम मात्र चोख केलं होतं, ते कबूल करते.

परत येऊन सासऱ्यांनी आणि मी कमानी चढवल्या. मग मिठाची पोती बाकांवर रचून गाडी भारली. चाकांच्या वर हात घालून बघितला, चारही बाजूंना मोकळी जागा होती. गाडी सरळ उभी होती, कुठेही झुकली नव्हती.

मी दिरासमोर जाऊन उभी राहिले. “चालव. नाहीतर उद्या धक्क्यावर सांगते की तू घाबरलास.”

तो बसला. मी त्याच्या शेजारी बसले, मागे मिठाची पोती. त्याने मला भिववायला गाडी खाजणाच्या वळणावर नको इतक्या वेगाने घातली. मी दांडी धरली आणि त्याच्याकडे बघत राहिले. गाडी वळली. डुलली नाही, घासली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

बोर्लीच्या बाजारात गाडी थांबल्यावर लोक जमले. कोणीतरी विचारलं, “गाडी कशी बसकी केलीत?” मी पोती मोजत मागे उभी होते. दीर म्हणाला, “मी उतरवली. युक्ती लागते. वैनीला त्यातलं काय कळतंय?”

मी पुढे आले, त्याच्या हातातून चावी काढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “घरी चालत जा.”

तो हसला. मग मी सरकत नाही हे बघून त्याचं हसू गेलं. तो खरंच चालत गेला.

जहाजाच्या इंजिनावर काम केलेला बोर्लीचा एक मुसलमान गृहस्थ मी त्याच दिवशी ड्रायव्हर म्हणून ठेवला. गाडी त्यानेच घरी आणली. तो कमी बोलायचा आणि वळणावर हळू जायचा. लोक पुन्हा बसायला लागले. दिराने चूल वेगळी केली. सासरे सकाळी माझ्याकडे जेवायचे, संध्याकाळी त्याच्याकडे, आणि कोणाचं कोणाला सांगायचे नाहीत.

दीर त्या मोटारीत पुन्हा कधी बसला नाही. डोक्यावर टोपली घेऊन बोर्लीपर्यंत चालत जायचा. गाडी मागून आली की कुंपणाकडे तोंड करून उभा राहायचा. ड्रायव्हरने एकदा विचारलं, “बाय, घेऊ का त्याला?”

“न्हाय,” मी म्हटलं.