खोटा नवस

आमच्या घरात नवरा-बायको दोघंच. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दोघांतही दोष नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून आमच्या सौसर गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवात माझ्या बायकोला कुणी ना कुणी नवा उपाय सांगत आलं आणि ती बिचारी सगळे करत आली. हे आधीच सांगतो, कारण हे ठाऊक नसलं तर माझी पुढची करणी तुम्हाला साधीच थाप वाटेल.

मी संत्र्याचा व्यापारी. झाडावरचा माल पाहून बगीचा घ्यायचा, तोडणी करून ट्रक दिल्लीला लावायचा. त्या हंगामात भाव पडले म्हणून मीच दिल्लीला गेलो. आडत्यानं जेवायला नेलं, दारू झाली, मग लॉजवर एक बाई आली. तिला मी बोल लावणार नाही. तिनं निरोध पुढे केला होता. ‘काही होत नाही’ असं म्हणणारा शहाणा मी होतो. घरी आलो, अंघोळ केली आणि सगळं धुऊन निघालं असं समजून चाललो. बायकोजवळही गेलो, नेहमीसारखाच.

दोनेक आठवड्यांनी ताप भरला. घसा असा धरला की थुंकी गिळवेना. मानेत गाठी, छातीवर लालसर पुरळ. बायको हळदीचं दूध घेऊन उशाशी बसलेली, आणि मी चादरीआड मोबाइलवर लक्षणं लिहून पाहतोय. एचआयव्ही हा शब्द समोर आला आणि तोंडचं पाणी पळालं. ती कपाळावर हात ठेवायची, तेव्हा मला तो हात झटकून टाकावासा वाटायचा. एवढ्या मायेला मी लायक नव्हतो.

ताप उतरला तसा शेजारच्या पांढुर्ण्याला गेलो. सौसरच्या दवाखान्यात निम्मे लोक माझ्या ओळखीचे आणि उरलेले तिच्या माहेरचे. पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं आणि तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लावून मला समोर बसवलं.

“असा ताप, असं पुरळ साध्या व्हायरलमधेबी येते,” त्या म्हणाल्या. “लक्षणं पाहून कोनीच सांगू शकत नाही. रक्त पाहाच लागते. आजचा रिपोर्ट निगेटिव आहे, पन एवढ्या लवकर पक्कं म्हनता येत नाही. त्या दिवसापासून तीन महिने झाले का पुन्हा या.”

“आता काही औषध?”

“तीन दिवसांच्या आत आले असते तं गोळ्या सुरू करता आल्या असत्या. आता ते नाही. घरी निरोध वापरा. आनि बायकोलेबी घेऊन या.”

मी मान हलवली. त्यांनी दिलेली निरोधाची पाकिटं खिशात घालून बाहेर पडलो आणि बसस्टँडवरच्या कचऱ्यात टाकली. मूल व्हावं म्हणून चतुर्थ्या करणाऱ्या बाईपुढे हे पाकीट ठेवायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं, आणि सांगायला जीभ रेटत नव्हती. भित्रा माणूस किती लांबचा विचार करतो ते तेव्हा कळलं.

दोन-चार दिवस मी काही ना काही कारणानं बैठकीतच झोपलो. मग एका संध्याकाळी चहाचा कप हातात देत तिनं विचारलं, “काऊन वो, ताप तं उतरला. दूर दूर काऊन राहून राहिले?”

“जामसावळीले नवस बोललो,” मी म्हणालो. “तीन महिने पाळाचं हाये.”

सौसरजवळच्या जामसावळीत निजलेला मारुती आहे. आमच्याकडे अडलेलं काहीही त्याच्या कानावर घालतात. आणि नवस फळेपर्यंत तो काय आहे हे उघड करायचं नाही, कुणी विचारायचंही नाही, ही रीत. या रीतीआड लपलो की कुणी बोट दाखवणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिनं विचारलं नाही. तिचे डोळे भरून आले. मूल नसलेला नवरा ब्रह्मचर्याचा नवस बोलतो, तर तो कशासाठी बोलेल? तिला काय वाटलं ते मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी चहा पीत राहिलो.

“मंग मीबी संत्रं सोडते,” ती म्हणाली.

नवसाच्या काळात आवडीची एखादी वस्तू सोडतात. तिला संत्र्याहून प्रिय काही नव्हतं. हंगामात आमच्या ओसरीवर छपरापर्यंत क्रेट लागतात, माल निवडायला तीही बसते आणि निवडता निवडता सोलून खाते. त्या वर्षी ती फक्त निवडायची. सोबतच्या बाया फोडी पुढे करायच्या, ही हसून म्हणायची, “सोडलं हाये माय.”

दर शनिवारी आम्ही जामसावळीला जायचो. ती अनवाणी. देवापुढे दोघं हात जोडून उभे, आणि मी मागायचो, निगेटिव्ह येऊ दे. ती माझ्याहून जास्त वेळ पुटपुटत राहायची. इतकी आनंदात मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. माहेरी फोनवर “आता होईन” म्हणताना ऐकलं आणि मी उठून गल्लीत निघून गेलो. ताप परवडला असता, तो आनंद बघवत नव्हता. अंगात रोग असेल या भीतीपेक्षा तिच्या त्या हसण्यानं मला जास्त सोललं.

तीन महिने झाल्यावर पुन्हा पांढुर्ण्याला गेलो. निगेटिव्ह. आता काळजी नको, असं त्या बाई म्हणाल्या. मी बाकावर बसून पोरासारखा रडलो. परतीच्या बसमध्ये मात्र मनातला व्यापारी जागा झाला. ती सुटली, मी सुटलो, आता सांगायची गरजच काय?

घरात शिरलो तर ती भाकरी टाकत होती. माझा चेहरा पाहिला आणि तवा तसाच ठेवून उठली.

“सुटला काय नवस?”

हो म्हटलं तर ती लेकराची वाट पाहत बसणार. नाही म्हटलं तर ती पुढेही पाळत राहणार, शनिवार, अनवाणी पाय, सगळं. मी चौकटीला टेकून उभ्या उभ्या सांगून टाकलं. दिल्ली, ताप, पांढुर्ण्याच्या चकरा, कचऱ्यात टाकलेली पाकिटं. भाकरी जळली. तिनं गॅस बंद केला.

“म्हंजे तुमी लेकरू मागतलंच नाही.”

“नाही.”

“मंग मी कायले सोडलं होतं?”

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी तीच तयार होऊन बसली होती. “चाला पांढुर्ण्याले. माह्यं रक्त पाहू द्या.” माझा रिपोर्ट चांगला आहे म्हणजे तुला धोका नाही, असं मी सांगू लागलो. तिनं हातानंच थांबवलं. “तुमच्या तोंडचं मले काही सांगू नोका.”

ती एकटीच आत गेली. तिचाही रिपोर्ट निगेटिव्ह आला. बसस्टँडवर मी हातगाडीवरून एक संत्रं घेतलं, सोललं, शिरा काढून फोड तिच्यापुढे धरली. आता तरी खा, म्हणालो.

तिनं फोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नवस तुमचा खोटा होता,” ती म्हणाली. “माहा नाही.”

यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. ओसरीवर छपरापर्यंत क्रेट लागले आहेत. ती माझ्यासमोर बसून माल निवडते, पुसते, रचते. अजून एक फोड तिनं तोंडात घातलेली नाही.