रोगणाच्या भट्टीवरचा झेंडा

"तोंड वर कर, गे," मालक म्हणाले.

मी तोंड वर केलं. मालकांनी काठीला गुंडाळलेली चिंधी गरम रोगणात बुडवली, निथळली आणि माझ्या नाकाशी धरली. समोर म्युनिसिपालिटीचे आरोग्य इन्स्पेक्टर उभे. त्यांच्या मागे अग्रहारातले, म्हणजे ब्राह्मणवस्तीतले, चार-पाच मोठे लोक, उपरण्याचं टोक नाकाला लावून. सगळे माझ्याकडं बघत होते.

"बघा स्वामी, खोकली का?" मालक म्हणाले. "पिढ्यान् पिढ्या रंगाच्या माठावर वाकलेली माणसं ही. ह्यांची नाकं मेलीत. धुरानं काही होत असतं तर ही पहिली पळाली असती."

मी खोकले नाही. मालकांनी सकाळीच बजावलं होतं, खोकलीस तर परत येऊ नकोस म्हणून. घसा आतून सोलून निघत होता. खोकला मी गिळला. डोळ्यांतून पाणी आलं ते कुणाला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि कुणी बोललं नाही.

उपरणंवाल्यांपैकी एक जण हसला. "इवरिगे अभ्यास आगिदे. नमगिल्ल," म्हणाला. ह्यांना सवय झालीय, आम्हाला नाही. मग बाकीचेही हसले. एका बाईच्या नाकाला चिंधी लावायची आणि शहाण्यासुरत्या माणसांनी हसायचं. ती बाई मी.

सवय. आजही कुणी हा शब्द काढला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्ही कापड रंगवणारे रंगारी. लष्कर मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत आमची घरं. बापाच्या हातचा लाल रंग म्हैसुरात नावाजलेला होता. पण परदेशी रंगाच्या पुड्या आल्या आणि आमचे माठ एकेक करून पालथे पडले. बाप गेला. माझं लग्न झालं, नवरा प्लेगात गेला, मी आईकडं परत आले. घरात एकच माठ चालू राहिला, तो आईचा. मी रोगणाच्या कारखान्यात लागले.

कारखाना म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड. आत भट्टी, भट्टीवर तांब्याची कढई. तिच्यात जवसाचं तेल उकळायचं, राळ विरघळवायची, की झालं रोगण. दरबारातल्या मोठ्या लोकांचे घोड्यांचे सारोट, दसऱ्याला चमकणारी दारं-खिडक्या, सगळ्याला हेच रोगण. लोकांना त्याची चमक दिसायची. त्याचा धूर पिवळट, जड, तेलकट. अंगाला लागला की साबणानंही जात नसे. मालक मराठेच, जुन्या स्वारांच्या घराण्यातले. घरी आमच्यासारखंच बोलणारे. म्हणून त्यांचं ते नाकं मेल्याचं बोलणं जास्त लागलं.

तर अग्रहाराची तक्रार होती की नैवेद्यावर धूर बसतो, सोवळ्याला वास लागतो. खरं होतं ते. त्यांचंही खोटं नव्हतं. पण इन्स्पेक्टरांनी तोडगा काय काढला? वारा अग्रहाराकडं असेल तेव्हा भट्टी पेटवायची नाही. दुसरीकडं असेल तेव्हा खुशाल पेटवा.

दुसरीकडं म्हणजे आमची गल्ली.

कढई ढवळणारा मुनियप्पा आधी बेंगळुरात कामाला होता. तिकडं कढईवर पत्र्याची टोपी असते, टोपीला नळ असतो, नळ उंच धुराड्यात जातो, असं तो सांगायचा. त्यानं मालकांना एकदा हे सांगून बघितलं. "त्याला खर्च आहे," मालक म्हणाले. "झेंड्याला नाही."

झेंडा म्हणजे शेडवर बांबू आणि बांबूला लाल फडकं. फडकं त्यांनी आमच्याच घरून मागवलं. आणि वारा बघायला मला वर चढवलं. रंगाऱ्यांच्या बायकांना कापड वाळवायची सवय, वारा त्यांना कळतो म्हणे. पुन्हा सवय! फडकं आमच्या गल्लीकडं वळलं की मी वरून ओरडायचं, "हच्ची!" म्हणजे पेटवा. मग खाली मुनियप्पा जाळ घालायचा.

वर हवा होती. छातीला बरं वाटायचं. पोट भरत होतं. मूग गिळून मी ते काम केलं, आणि खाली धूर कुणाच्या घरात शिरतो हे बघायचं टाळलं म्हणा किंवा बघूनही डोळ्यांत शिरू दिलं नाही म्हणा.

नवरात्र तोंडावर आलं. आमच्यात नवरात्राआधी माठातून निघालेलं पहिलं लाल कापड विकत नाहीत. ते हिंगळाजमातेला नेसवतात. आई आठवडाभर त्याच्यामागं लागली होती. त्या सकाळी तिनं ते दोरीवर घातलं. मला वरून दिसत होतं, आमचं अंगण, दोरी, दोरीवरचं लाल कापड आणि खाली हात पुसत उभी असलेली आई. झेंडा आमच्याकडं वळला.

"हच्ची!" मी ओरडले. तोंडाला वळण पडलं होतं.

धूर शेडमधून निघाला, छपरावरून घसरला आणि आमच्या अंगणात उतरला. आईनं घाईनं कापड ओढलं, पण ते ओलं होतं. मग ती दोरीला धरून वाकली आणि खोकत राहिली. किती वेळ ते मला नाही सांगता येणार. मी वर उभी, ती खाली.

घरी गेले तर ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं. दमा तिला आधीपासून होता, पण असा नव्हता. मांडीवर ते कापड. त्यावर काळे चिकट ठिपके. तीनदा धुतलं होतं तिनं. ठिपके तसेच.

"अगे, कोण आहे तो मेला?" ती म्हणाली. "वारा बघून बघून आमच्याच अंगावर सोडतोय."

मी ते कापड उचलून चौथ्यांदा धुवायला घेतलं. रात्रभर तिच्या छातीतली शिट्टी ऐकत पडून राहिले.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टर परत आले. मालकांना दुसरी भट्टी घालायची होती, तिची परवानगी हवी होती. अग्रहारातले लोक पण आले होते. ह्या खेपेला उपरणी खांद्यावर, चेहरे खूश.

"आता धुराची कुणाची तक्रार?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"कुणाचीच नाही स्वामी," मालक म्हणाले आणि मला हाक मारली. "ये गे खाली. तोंड वर कर."

चिंधी पुढं आली. मी तोंड वर केलं नाही. मी काठी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बेड, तंगी," मुनियप्पा मागून हळूच म्हणाला. नको, बहिणी.

मी चिंधी इन्स्पेक्टरांच्या नाकाशी नेली. "तुम्ही हुंगा साहेब."

ते झटकन मागं सरले. रुमाल काढला. खोकले. चांगले खोकले.

"तुम्हाला येतो तोच वास मला येतो," मी म्हणाले. "तुमच्यासारखाच माझा घसा जळतो. मागच्या खेपेला मी खोकले नाही, कारण खोकलीस तर काम जाईल असं ह्यांनी सांगितलं होतं. धूर गेला नाही साहेब. आमच्याकडं पाठवलाय. माझी आई चौकटीला टेकून झोपते. कढईला टोपी घाला, नळ घाला."

"सुम्ने!" मालक ओरडले. गप्प! अग्रहारातले एकमेकांकडं बघायला लागले. कुणी हसलं नाही. पण माझ्या बाजूनं कुणी एक शब्दही काढला नाही.

"बघू," इन्स्पेक्टर म्हणाले. एवढंच. रुमाल खिशात घातला आणि टांग्यात जाऊन बसले.

मालकांनी मला काढून टाकलं. जायच्या आधी मी वर चढले आणि झेंडा सोडून घेतला. फडकं आमचं होतं.

आता कुणी म्हणेल, मग टोपी बसली का? नाही बसली. दुसरा झेंडा लागला, दुसऱ्या बाईला वर चढवलं, आणि दुसऱ्या भट्टीची परवानगीही मिळाली. त्या नवरात्रात देवीला आम्ही ठिपक्यांचंच कापड नेसवलं. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, देवीला पण कळू दे. आई पुढच्या थंडीत गेली. त्याच चौकटीला टेकून, बसल्या बसल्या.

ती चौकट मी सोडलेली नाही. आता गल्लीतल्या बायकांना मी एकच सांगते, खोकला आला तर गिळायचा नाही. साहेब येवो, मालक येवो, त्यांच्या तोंडावर खोकायचं. झेंडा बघायला वर कुणी चढायचं नाही. आणि इन्स्पेक्टरांचा टांगा मोहल्ल्यात शिरला की मी रोगणाची चिंधी घेऊन दारात उभी राहते. कढईवर टोपी बसेपर्यंत उभी राहणार. धुरानं काही होत नाही असं ज्याला म्हणायचंय, त्यानं आधी ती हुंगायची. मग बोलायचं.