वन्संची तगमग

वन्संच्या शेजारच्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही या. आत्ता या." आम्ही दोघं रिक्षानं उस्मानपुऱ्यात पोचलो, तर वन्सं खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या होत्या. पायांत चपला तशाच. कुठं निघाल्या होत्या कोण जाणे... काही आठवडे झाले, पण मी अजून स्वतःशी अंदाज बांधत असते. भाजी आणायला? ग्रंथालयात? कमल वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापिका, लग्न न केलेल्या, नंतरची वर्षं एकट्या राहिलेल्या. त्यांना इतकं स्थिर बसलेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि ते दिवसही काही बरे नव्हते.

त्यांच्या अस्वस्थपणाचं कारण घरात केव्हाच ठरून गेलं होतं. रझाकारांच्या धास्तीनं सासूबाई अजिंठ्याचं घर सोडून फर्दापूरच्या शिवारात लपून राहिल्या, तेव्हा वन्सं पोटात होत्या. पोलीस ॲक्शन झाली, माणसं आपापल्या घरी परतली आणि लवकरच वन्सं जन्मल्या. "पोटातच पळाली माझी लेक. आता ती कुठं थांबंल?" सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही हेच सांगण्यात आलं आणि मला ते पटलंही. ऐन थंडीत वन्सं गार पाण्यानं अंघोळ करत, ताटावर बसल्या की आमच्या दुप्पट जेवत आणि तरी मनगटं काडीसारखी. चहाची कपबशी त्यांच्या हातात नेहमी वाजायची. एकदा पाहायला आलेल्या मंडळींसमोर त्या तीनदा उठल्या, खिडकी उघडली, पंखा वाढवला. 'मुलगी लई चिडखोर दिसती,' असा निरोप आला. वन्सं हसल्या, पण त्यानंतर कुणासमोर बसायला त्यांनी साफ नकार दिला.

मग एकदा वर्गात विद्यार्थ्यांना नाडी बघायला शिकवताना त्यांनी आपलंच मनगट पुढं केलं. एका मुलीनं नाडी मोजली, गोंधळली, पुन्हा मोजली. "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय." वन्संनी स्वतः मोजून पाहिली. "नाही, तुझं बरोबर आहे," म्हणाल्या आणि तास सोडून दिला. जो आजार त्या दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत, तोच गळ्यात घेऊन हिंडत होत्या. त्यांची थायरॉईड ग्रंथी बेसुमार काम करत होती.

त्या संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि वन्सं ओट्याला टेकून उभ्या राहून जेवत होत्या. "वहिनी, पेशीपेशीत तंतुकणिका असतात. अन्न जाळून शक्ती करायचं काम त्यांचं. थायरॉईडचा रस वाढला की त्या वाढतात, जास्त जाळतात, आणि निम्मी शक्ती नुसती ऊब होऊन जाते. म्हणून मी खाते अन् वाळते." मी विचारलं, सगळ्या अंगात असंच होतं का? "नाही ना! हृदय ऐकतं, यकृत ऐकतं, स्नायू ऐकतात. मोठ्या माणसाचा मेंदू मात्र जळण फारसं वाढवत नाही." घास हातातच राहिला. "मग ही डोक्यातली तगमग कुठून येते गं?"

उपचार झाले. मुंबईला जाऊन किरणोत्सारी आयोडीन घेतलं, आणि ग्रंथी इतकी थंडावली की आता तोच रस बाहेरून, गोळीनं, रोज घ्यावा लागणार होता. गोळीचं प्रमाण जमेपर्यंत वन्सं पार बदलल्या. चेहरा सुजला, आवाज जड झाला, उन्हाळ्यात शाल. तास घ्यायच्या आणि घरी येऊन भिंतीकडं बघत बसायच्या. सासूबाईंनी गणपतीला नारळ फोडला. "कशी गुणाची शांत झाली बघा." हेही खूश. मला मात्र त्या खोलीत जायची भीती वाटायची. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, सगळ्यांना आवडायला लागलेय मी. पण ही मी नव्हे."

पुढं काही महिन्यांत त्यांना पुन्हा तरतरी आली. चालणं भरभर, बोलणं भरभर. डॉक्टरांचा हातगुण, असं आम्ही समजलो. कॉलेजच्या जिन्यात त्या कोसळल्या तेव्हा कळलं, हृदयाचा ठेका पूर्ण बिघडला होता. गोळ्या त्या स्वतःच्या मनानं वाढवून घेत होत्या. दवाखान्यात हे पहिल्यांदाच बहिणीवर ओरडले, "तू शिकवतेस हे! तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं, दादा. हृदय आधी जाईल, हेही ठाऊक होतं." आणि मग अगदी हळू, "मला माझी मी परत पाहिजे होते."

हे बाहेर जाऊन उभे राहिले. ते रडत होते हे मला काचेतून दिसलं.

त्यानंतर वन्संनी पथ्य पाळलं. रक्त पुण्याला तपासायला जाई, गोळी थोडी वर, थोडी खाली. वर्ष उलटून गेलं आणि एक दिवस त्या अहवाल हातात नाचवत थेट स्वयंपाकघरात आल्या. "सगळं नॉर्मल, वहिनी! नाडी ठीक, वजन ठीक, हात बघ, कापत नाही." हात खरंच स्थिर होता. आणि हे सांगताना त्या ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. मी तसं म्हटल्यावर थबकल्या. माझ्याकडं बघून इतक्या खुदकन हसल्या... "व्हय की गं! म्हणजे ही तगमग माझी आहे. आजाराची नव्हती." पुढची सगळी वर्षं त्या तशाच जगल्या, आणि चिडखोर म्हणणाऱ्यांचं पुन्हा कधी मनाला लावून घेतलं नाही.

परवा आम्ही त्यांची उस्मानपुऱ्यातली खोली आवरायला गेलो. फरशी झाडताना दिसलं, तिच्यावर सगळीकडं पलंगाच्या पायांचे ओरखडे होते. खिडकीपाशी, दारापाशी, कोपऱ्यात, एकावर एक. महिन्या-दोन महिन्यांनी त्या एकट्याच पलंग ओढून जागा बदलत असणार. धुवायला बाहेर काढलेला पलंग दोघं मिळून आत आणताना हे उंबऱ्यापाशी थांबले. "ह्याची जागा कोणती?"

आम्ही पलंग हातात धरून तसेच उभे राहिलो.