हुडकेश्वरचा करंज

भूत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानत नाही. कोणी सांगायला लागलं की मी उलट विचारायचो, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" कामच तसं होतं. सत्तरच्या सुमारास मी नागपुरात पोलीस खात्यात कायद्याचा सल्लागार होतो. आरोपपत्र कोर्टात जाण्याआधी सगळे कागद माझ्या टेबलावर येत, आणि पुरावा टिकेल की नाही ते मी लिहून द्यायचो.

आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी शिकलं नव्हतं. वडील उमरेडला हातमागावर बसत. मला नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाबू, ज्या कागदावर सही करशीन, ते आपल्या डोयानं पाहून करजो." म्हणून केस गंभीर असली की मी सायकल काढून ती जागा बघून यायचो. ऑफिसात लोक हसायचे. मला वाईट वाटत नसे.

हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं खेडंच होतं. तिथल्या एका शेतमालकाचं प्रेत फाल्गुनात विहिरीत सापडलं. आधी जागा न पाहताच अपघात म्हणून नोंद झाली. बारा दिवसांनी विहिरीशेजारचा दौलत ठाण्यात आला आणि म्हणाला, मालकाच्या सालदारानं, म्हणजे सालगडी सोमानं, त्यांना ढकललं. आपण आपल्या ओसरीतून ते पाहिलं, असंही त्यानं सांगितलं. मग जागेचा पंचनामा झाला — ओसरी ते विहीर बासष्ट पावलं, मध्ये मोकळी जागा, नजर सरळ पोचते. सोमाला अटक झाली. तिशीचा माणूस, घरी म्हातारी आई. साक्षीदार एकच, पण डोळ्यांनी पाहिलेला. मी होकार लिहिला की खुनाचा खटला उभा राहणार होता.

मी गेलो ती वैशाखातली दुपार होती. दौलतच्या घराला कडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओसरी आणि विहीर यांच्या मध्ये एक मोठा करंज होता. फांद्या अगदी खाली आलेल्या. मी सायकल टेकवली आणि सावलीत बसलो.

ती सावली मला आजही नीट सांगता येत नाही. उन्हाळ्यातली वाटतच नव्हती... पहाटेच्या नदीकाठासारखी गार. लाह्यांसारखी फुलं एकेक करून खाली येत होती, माझ्या वहीवर, मांडीवर. मधमाश्यांचा आवाज होता, पण तो दूरच्या मागाच्या खटखटीसारखा लयीत यायचा, आणि डोळे जड व्हायचे. मला झोप लागली नाही. त्या अर्धवट सुखातच मी नकाशा काढला, पावलं मोजली. ओसरीपासून झाड अठ्ठावीस पावलं. ओसरीत उभं राहून पाहिलं — विहिरीचा काठसुद्धा दिसत नव्हता. नुसता करंज.

दुसऱ्या दिवशी मी अभिप्राय लिहिला: मध्ये दाट झाड असल्याने साक्षीदाराचे म्हणणे विश्वासार्ह नाही.

तपास करणारे सब-इन्स्पेक्टर बोरकर कागद घेऊन माझ्याकडे आले. हसू दाबत होते.

"साहेब, कोणतं झाड जी?"

"करंज. विहिरीपाशी."

"तिथं शेळीले उभं राहाले सावली नाही! चला, मी जीप काढतो. उन्हानं होते असं कधीकधी."

गेलो. झाड नव्हतं. मोकळी, भाजलेली जमीन, आणि मध्ये कुटाराचा, म्हणजे भुशाचा, एक ढीग. सरकारी कागदावर मी नसलेलं झाड लिहिलं होतं! नोकरी गेली तर वडिलांना काय सांगू? आणि माझा शब्द खोटा ठरला तर सोमासाठी दुसरं कोणी इथे येणार नव्हतं.

दौलत ओसरीत बसून गंमत पाहत होता. "काय शोधून राहिले जी साहेब? पैसा पडला काय?"

काही सुचेना म्हणून मी वही उघडली आणि पावलं मोजू लागलो. अठ्ठाविसावं पाऊल कुटाराच्या ढिगाला लागलं.

"हे बाजूला करा," मी म्हणालो.

"काहून? ढोराइचा चारा हाय तो!" दौलत ताडकन उठला. त्याचा आवाज ऐकून बोरकरांचं हसू गेलं. त्यांनी स्वतः फावडं घेतलं. ढिगाखाली जमिनीलगत कापलेला बुंधा होता. करंजाचा.

गावकऱ्यांना विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मालक गेल्यावर आठवड्याच्या आत दौलतनं झाड तोडलं, मग ठाण्यात गेला. सोमाशी त्याचं पाण्यावरून वाजलेलं होतं. "मग सांगितलं काहून नाही?" बोरकर ओरडले. एक म्हातारा म्हणाला, "कोणी पुसलंच नाही जी." खरंच होतं. पंचनाम्यात जे आहे ते लिहितात. जे नाही ते कोण लिहिणार?

मालक घसरून पडला की आणखी काही झालं, ते कधीच ठरलं नाही. पण दौलतनं जबाब मागे घेतला.

आता हिशेब लागत नाही तो असा — झाड फाल्गुनात तुटलं. करंज फुलतो त्यानंतर. म्हणजे मी पाहिली ती फुलं त्या झाडाला कधी आलीच नव्हती. ऊन लागलं म्हणावं, तर पावलं बरोबर कशी? कोणी कानावर घातलं म्हणावं, तर मी त्या गावात कोणाशी बोललोच नव्हतो.

परतताना बोरकरांनी हळूच विचारलं, "साहेब, डायरीत काय लिहू? बुंध्याचा पत्ता कसा लागला?"

मी म्हणालो, "ढिगाचा संशय आला, असं लिहा." माझ्या नोकरीत मी जाणूनबुजून लिहवून घेतलेलं तेवढं एकच खोटं वाक्य.

सोमा सुटला त्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली. दारातच उभी राहिली. तिथूनच तिनं विचारलं, "साहेब, तुमाले कोनं सांगितलं?"

"कोणीच नाही, माय," मी म्हणालो.

हे उत्तर खरं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.